चंचल लेकरू आणि रक्ताचा रिपोर्ट



आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे आणि शिक्षणही आहे. या वेळचा विषय या दोन्हींच्या मधला आहे. एखादं लेकरू एका जागी पाच मिनिटं बसत नाही. वही उघडली की लक्ष खिडकीबाहेर. दप्तर आज शाळेत विसरतं, उद्या बांधावर. बोलणाऱ्याचं वाक्य संपू देत नाही, रांगेत थांबत नाही, झाडावरून उडी मारताना मागचापुढचा विचार करत नाही. गुरुजींची तक्रार येते, शेजारीण नाव ठेवते, आणि शेवटी सगळ्यांचं बोट आईकडं जातं: "तूच लाडावून ठेवलंस."

मग कुणीतरी सांगतं, की शहरात रक्ताची एक तपासणी निघाली आहे. त्यात लेकराच्या मेंदूत काय बिघाड आहे ते कळतं. औषध लागू पडतंय का तेही रक्तातच दिसतं. कागदावर 'बायोमार्कर' असा भारी शब्द असतो आणि खाली काही हजारांचा आकडा असतो. हातात पैसे नसतात, म्हणून बाई गटात अर्ज टाकते.

कर्ज मंजूर करण्याआधी गटातल्या प्रत्येकीला ही गोष्ट नीट माहीत असावी, म्हणून हा लेख.

हा आजार आहे तरी काय?

डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. आपल्या भाषेत, लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. जगभरातल्या अभ्यासांचा मेळ घातला तर शंभर लेकरांमागे साधारण पाच जणांना हा त्रास असतो. तामिळनाडूतल्या कोइम्बतूरच्या प्राथमिक शाळांमध्ये झालेली आणि २०१३ साली छापून आलेली पाहणी शंभरात सुमारे अकरा असा आकडा सांगते. म्हणजे हा काही फक्त परदेशातला किंवा फक्त शहरातला आजार नाही.

हा आईच्या लाडानं होत नाही, बापाच्या धाकानं जात नाही. करणी, नजर, बाहेरचं असलं काही यात नसतं. बराचसा भाग अनुवंशाचा असतो. घरात बापाला किंवा काकाला लहानपणी असंच होतं, असं पुष्कळदा विचारल्यावर कळतं.

आणखी एक. सगळीच लेकरं उड्या मारणारी नसतात. काही, विशेषतः मुली, शांत बसलेल्या असतात, पण मन तिथं नसतं. फळ्यावरचं अर्धंच उतरवतात, सांगितलेलं काम निम्म्यात विसरतात. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडं कुणाचं लक्षही जात नाही. "पोरगी मंदच आहे" म्हणून शाळा सुटते, आणि शाळा सुटली की घरात लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. असं पुढं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

रक्तातली खूण म्हणजे काय?

बायोमार्कर म्हणजे शरीरात मोजता येणारी आजाराची खूण. अशा खुणा आपल्याला नव्या नाहीत.

साखरेचा आजार घ्या. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त भरली, पुन्हा तपासल्यावरही तेवढीच आली, तर मधुमेह आहे असं डॉक्टर सांगतात. पुढं औषध चालू झालं की तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करतात, ती एचबीएवनसी. त्यावरून औषध लागू पडतंय का ते कळतं. इथं रक्त दोन्ही कामं करतं, आजार ओळखणं आणि उपचारावर नजर ठेवणं.

दुसरं उदाहरण आपल्या किनवट-माहूर भागाच्या जवळचं आहे, सिकलसेल. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की तपासणी करून लेकरू वाहक आहे की रुग्ण ते सांगता येतं. कारण तो आजारच रक्ताचा आहे, रक्तातल्या तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनचा.

एडीएचडीचं तसं नाही. हा त्रास मेंदूच्या कामकाजाचा आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन नावाची रसायनं निरोप इकडून तिकडं पोचवतात. लक्ष धरून ठेवणं आणि स्वतःला आवरणं ही कामं त्यांच्यावर बरीच अवलंबून असतात. पण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गानं एक राखण ठेवली आहे. रक्तातलं सगळंच मेंदूत जात नाही आणि मेंदूतलं सगळंच रक्तात येत नाही. म्हणून दंडातून काढलेल्या रक्तात ही रसायनं मोजली तरी मेंदूत काय चाललंय ते त्यावरून ठरवता येत नाही.

मग संशोधकांना काहीच सापडलं नाही का?

सापडलं आहे, पण जे सापडलं त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

२००४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एडीएचडी असलेली ५३ लेकरं आणि नसलेली २७ लेकरं यांचं रक्त तपासलं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, आपल्या घरातल्या कणगीतल्या धान्यासारखं. त्रास असलेल्या लेकरांचं सरासरी फेरिटिन २३ निघालं, नसलेल्यांचं ४४. फरक मोठा दिसतो. मग फेरिटिन कमी म्हणजे एडीएचडी, असं म्हणायचं का?

आपल्या हिशेबातलंच उदाहरण घेऊ. समजा, एका गटाची सरासरी बचत महिन्याला १०० रुपये आहे आणि दुसऱ्या गटाची २००. आता वाटेत भेटलेली एखादी बाई म्हणाली, "मी महिन्याला १५० टाकते." ती कोणत्या गटातली, ते सांगता येईल का? नाही. दोन्ही गटांत कमी टाकणाऱ्याही असतात, जास्त टाकणाऱ्याही. सरासरी गटाची असते, एकटीची नाही. फेरिटिनचं तेच आहे. एडीएचडी असलेल्या कितीतरी लेकरांचं लोह चांगलं असतं, आणि लोह कमी असलेल्या कितीतरी लेकरांना एडीएचडी नसतो.

त्यात आपल्याकडं तर लोह कमी असणं ही घरोघरची गोष्ट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांपैकी ६८.९ टक्के लेकरांना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असणं हीच एडीएचडीची खूण मानली, तर अख्खी अंगणवाडी एडीएचडीची ठरेल.

जनुकांचाही शोध झाला. २०१९ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या २० हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली. या त्रासाशी नातं असलेल्या १२ जागा सापडल्या. २०२३ मध्ये ३८ हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात २७ जागा सापडल्या. पण प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. त्यावरून एका लेकराचं निदान होत नाही.

झिंक, कॉर्टिसॉल, मेंदूच्या वाढीशी संबंधित एक प्रथिन असं बरंच काही रक्तात आणि लाळेत तपासून पाहिलं गेलं. २०१२ साली जगभरातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी या सगळ्या कामाचा आढावा घेतला आणि एकमतानं सांगितलं, की निदानासाठी वापरता येईल अशी एकही खूण हाती आलेली नाही. त्यानंतरही काम चालू आहे. पण आजही डॉक्टरांच्या नियमावलीत एडीएचडीच्या निदानासाठी कोणतीही रक्ततपासणी नाही.

"ऐंशी टक्के खात्री" म्हणजे किती खात्री?

उद्या कुणी म्हणेल, आमची तपासणी ऐंशी टक्के बरोबर येते. ऐकायला बरं वाटतं. जरा हिशेब मांडू या, आपल्याला हिशेबाची सवय आहे.

समजा १००० लेकरं आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरंच एडीएचडी आहे. तपासणी ऐंशी टक्के बरोबर, म्हणजे ५० पैकी ४० सापडली, १० सुटली. उरलेल्या ९५० निरोगी लेकरांपैकी ऐंशी टक्के बरोबर म्हणजे ७६० जणांना "नाही" आलं, पण १९० जणांना चुकून "आहे" आलं. आता एकूण "आहे" आलेली लेकरं झाली ४० अधिक १९०, म्हणजे २३०. त्यातली खरी फक्त ४०. शंभरात सतरा! उरलेल्या त्र्याऐंशी जणांच्या कपाळावर उगाच शिक्का बसला. म्हणून नुसता टक्का ऐकून पैसे मोजू नका.

मग डॉक्टर ओळखतात कसं?

विचारून, बघून आणि ताडून. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेची नियमावली बरेच डॉक्टर वापरतात. तिच्यात लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलतेची ९ लक्षणं दिली आहेत. लेकराच्या बाबतीत यापैकी एका यादीतली किमान ६ लक्षणं असावी लागतात, आणि त्याबरोबर या गोष्टीही लागतात:

* लक्षणं किमान सहा महिने सतत दिसत असावीत.
* ती वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत.
* ती दोन ठिकाणी तरी दिसावीत, घरी आणि शाळेत. फक्त शाळेतच त्रास असेल तर कारण शाळेत शोधावं, फक्त घरीच असेल तर घरात.
* त्यामुळं लेकराचं शिकणं, मैत्री, रोजचं वागणं अडत असावं.
* दुसऱ्या कोणत्या कारणानं हे होत नाही ना, ते पाहिलेलं असावं.

भारतातल्या तज्ज्ञांनीही सहा ते नऊ वर्षांच्या लेकरांसाठी इन्क्लेन नावाची प्रश्नावली तयार केली आहे. तीही प्रश्नोत्तरांचीच आहे, सुईची नाही. म्हणजे या आजारात सगळ्यात मोठा पुरावा कुणाकडं आहे? आईकडं आणि गुरुजींकडं. तुम्ही काय पाहिलं, कधीपासून पाहिलं, हे नीट सांगणं म्हणजेच अर्धी तपासणी.

रक्त तपासायचंच नाही का?

तसं नाही. रक्त तपासायचं, पण कशासाठी ते माहीत असू द्या. एडीएचडीसारखं वागणं दुसऱ्या कारणानंही होतं, आणि त्यातली काही कारणं रक्तात सापडतात.

पहिलं, रक्तक्षय. रक्त कमी असलेलं लेकरू दमतं, चिडतं, त्याचं लक्ष टिकत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या लेकराचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. बारा ते चौदा वर्षांना ही रेघ १२ वर आहे. दुसरं, थायरॉइड, डॉक्टरांना तशी लक्षणं दिसली तर. तिसरं, शिसं. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम घराजवळ चालत असेल किंवा लेकरू जुना रंग खरवडून तोंडात घालत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काही कारणं रक्तात दिसतच नाहीत. कान फुटलेला असतो, लेकराला ऐकूच येत नाही. डोळ्याचा नंबर असतो, फळा दिसत नाही. फिटचा एक प्रकार असा असतो, की लेकरू पडत नाही, फक्त काही सेकंद टक लावून हरवतं. रात्री झोप पुरी होत नाही. घरात दारू आणि मारझोड असते. चार-सहा महिने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेलं लेकरू परत येतं, तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. मग त्याचं लक्ष लागणार कसं? त्याला एडीएचडी म्हणण्याआधी मागं राहिलेला अभ्यास भरून द्यायला हवा.

लोहाबद्दल दोन गोष्टी जपून करा. गुलाबी आणि निळ्या गोळ्या शाळेतून आठवड्याला एक मिळतात. पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहा ते एकोणीस वर्षांना निळी. त्या द्यायच्याच. पण लेकरू चंचल आहे म्हणून स्वतःच्या मनानं जास्तीच्या लोहाच्या गोळ्या देऊ नका. बाळंतपणातल्या लाल गोळ्या लहान लेकराच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. एकदम जास्त खाल्ल्या तर विषबाधा होते. आणि सिकलसेलचं लेकरू असेल तर लोह द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. त्याचं रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं.

औषध चालू झाल्यावर नजर कशी ठेवायची?

सहा वर्षांखालच्या लेकरांना सहसा आधी औषध देत नाहीत. आईबापांना वागणूक हाताळायची पद्धत शिकवतात. मोठ्या लेकरांना गरज पडली तर डॉक्टर औषध देतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. हे १९४४ साली पहिल्यांदा बनवलं गेलं. आपल्या देशात त्यावर कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि मिळालं तरी घेऊ नये.

औषध लागू पडतंय का, हे रक्तात दिसत नाही. ते वहीत दिसतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय नियमावलीत तर स्पष्ट लिहिलं आहे, की खास कारण नसेल तर या औषधांसाठी नेहमीच्या रक्ततपासण्यांची गरज नाही. गरज आहे ती वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजण्याची. औषधानं भूक कमी होऊ शकते. म्हणून दहा वर्षांपर्यंतच्या लेकराचं वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजायला सांगतात. यासाठी अंगणवाडीतला किंवा शाळेतला वजनकाटा पुरतो.

घरी एक साधी वही करा. रोज चारच गोष्टी लिहा: जेवण कसं झालं, झोप किती झाली, अभ्यासाला किती वेळ बसलं, भांडण झालं का. आठवड्यातून एकदा गुरुजींकडून एक ओळ लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर मोठ्या लेकीकडून किंवा गटाच्या सखीकडून लिहून घ्या. डॉक्टरांना ही वही कोणत्याही महागड्या रिपोर्टपेक्षा जास्त कामाची. काही औषधांना खरंच रक्ततपासणी लागते. ती तुमचे डॉक्टर कारण सांगून लिहून देतील.

जायचं कुठं?

आपल्या राज्यातच, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांची तपासणी करतं. ते ज्या ३० आजारांसाठी तपासतात त्यात एडीएचडी आहे, शिकण्यातली अडचण आहे, ऐकण्या-दिसण्यातला दोष आहे, तीव्र रक्तक्षयही आहे. पथक येण्याची तारीख आशाताईंकडून किंवा अंगणवाडीताईंकडून आधीच विचारून ठेवा. आणि त्या दिवशी लेकराला रानात नेऊ नका. डॉक्टर एक नजर टाकून पुढं जातील, तेव्हा तुम्हीच सांगा, "सहा महिन्यांपासून असं असं होतंय."

पुढच्या तपासणीसाठी पथक चिठ्ठी देतं. या योजनेत जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय धरलेली आहे. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बालरोग आणि मानसोपचाराचे डॉक्टर अशा ठिकाणी भेटतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिनसाठी बाहेर पैसे मोजायची गरज नाही. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस हा सरकारी फोन आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

इस्लापूरहून नांदेडला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो आणि मजुरी बुडते, हे खरं आहे. म्हणून चिठ्ठी, वही आणि गुरुजींचं पत्र सोबत घेऊनच निघा. एका खेपेत काम व्हायला हवं.

गटानं काय करावं?

कुणी अशा तपासणीसाठी कर्ज मागितलं तर नाही म्हणून तिला परत पाठवू नका, आणि डोळे मिटून होही म्हणू नका. समजा तिनं ६,००० रुपये उचलले. शेकडा दोनच्या दरानं पहिल्याच महिन्याचं व्याज १२० रुपये होतं. आणि हाती काय येणार? म्हणून आधी तिच्याबरोबर बसून हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारायला सांगा:

१. या तपासणीनं नेमका कोणता आजार कळणार?

२. रिपोर्ट चांगला आला किंवा वाईट आला, तर उपचारात काय बदल होणार?

३. हीच तपासणी सरकारी दवाखान्यात होते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काही बदल होणार नाही" असं आलं, तर ते पैसे वाचवा. तेच पैसे नांदेडच्या खेपेला, लेकराच्या चष्म्याला किंवा कानाच्या इलाजाला कामी येतील.

आणि निदान व्हायची वाट न पाहता आजपासून करता येण्यासारखंही बरंच आहे. लेकराला एका वेळी एकच काम सांगा, जवळ जाऊन, डोळ्यात बघून. अभ्यास दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घ्या, मधे एक चक्कर मारू द्या. उठण्याची, जेवण्याची, झोपण्याची वेळ ठरलेली असू द्या. चांगलं केलं की लगेच, त्याच घडीला शाबासकी द्या. संध्याकाळपर्यंत थांबू नका. गुरुजींना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवा. मारानं लक्ष वाढत नाही, भीती वाढते.

पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली की पंधरा मिनिटं हा लेख वाचून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवा. आपल्या वाडीत, तांड्यावर, पाड्यावर असं कोणतं लेकरू आहे ते आठवा, पण चारचौघींत नाव घेऊ नका. बैठक झाल्यावर त्याच्या आईला एकटीला गाठा. तिला पहिलं वाक्य हेच सांगा, की यात तुझी चूक नाही. बाकीचं त्यानंतर.